चूल कुणाची, सातबारा कुणाचा?

भिगवणच्या पक्ष्यांवरचे किंवा बारामती-इंदापूरकडच्या कृषी पर्यटनावरचे लेख वाचा, त्यात एक बाई हमखास भेटते. चुलीपुढे बसलेली, भाकरी थापणारी, हसरी. शेतकऱ्याचे नाव असते, मनोगतही असते. तिचे नावसुद्धा नसते.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली. सिलिंडर परवडत नाही म्हणून किती घरांत शेगडी कोपऱ्यात पडली आहे ते आपण जाणतोच. पण जिथे गॅस आहे तिथेही शहरचे पाहुणे येणार म्हटले की चूल पेटवायची, कारण ‘अस्सल चव’ धुरातूनच येते म्हणे! सरपण कुणी आणले, वीस जणांची खरकटी भांडी रात्री कुणी घासली, हे कुणी लिहीत नाही. शेळगावच्या बैठकीत एकीने सांगितले, की फोटोसाठी तिला गाऊन बदलून नऊवारी नेसायला लावली. तिच्या सासूनेही नऊवारी सोडून बरीच वर्षे झाली आहेत.

उजनीचेही तेच. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि लेखक त्या पाण्याला निसर्गाचे वरदान म्हणून मोकळे होतात. ते पाणी १९८० साली पुऱ्या झालेल्या धरणाचे आहे, त्याखाली गावे आहेत. उन्हाळ्यात पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले की कॅमेरे धावतात. ज्यांची चूल-उंबरा पाण्यात गेला त्या बायकांना विचारायला कुणी थांबत नाही.

पर्यटन नको असे मी म्हणत नाही. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरात चार पैसे रोख येतात, हे खरेच आहे. प्रश्न ते कुणाच्या हातात पडतात हा आहे. शासनाच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणीला जमिनीचा कागद लागतो. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली, तरी बहिणी आजही हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखतात. मग २०२३च्या ‘आई’ धोरणातले महिला उद्योजकांसाठीचे १५ लाखांपर्यंतचे कर्ज कुणाला मिळणार? नाव तिचे, कारभार त्याचा, हा खेळ आपण सरपंचपदात पाहिलाच आहे.

तेव्हा गटांनी आपापल्या भागातल्या केंद्रांवर जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का, आणि पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे कुणाच्या खात्यात जातात.