माळ्यावरचं घंगाळ आणि चौकटीतला खिळा

"फारसं कोणी वापरत नाही ना? मग काढून टाका!" प्रोग्रॅमिंग लँग्वेजमधल्या एखाद्या जुन्या फीचरबद्दल असं म्हणणं फार सोपं असतं. मला मात्र हे एवढंच कारण पटत नाही. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळसुद्धा आता कोणी वापरत नाही, पण ते बिचारं गप पडलेलं असतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दाराच्या चौकटीतून बाहेर आलेल्या खिळ्याचं तसं नाही. त्यावर घरातला एखादा छत्री अडकवतो, पण शर्ट सगळ्यांचे फाटतात.

सी आणि सी++ मधले ट्रायग्राफ हा असाच एक खिळा. ट्रायग्राफ म्हणजे तीन चिन्हं मिळून एक चिन्ह. ??( लिहिलं की कंपायलर [ वाचणार, ??< म्हणजे { आणि ??= म्हणजे #. असे एकूण नऊ. आता हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर ७ बिटांच्या कोडमध्ये जागा फक्त १२८. डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी अशा देशांनी आपली जास्तीची अक्षरं बसवायला कंसांच्याच जागा घेतल्या. स्वीडिश टर्मिनलवर महिरपी कंसाच्या जागी चक्क दोन टिंबांचा 'ए' दिसायचा! म्हणून १९८९ च्या सी स्टँडर्डमध्ये ही सोय आली. (आपल्या देवनागरीने कुणाचा कंस खाल्ला नाही. १९९१ च्या इस्की स्टँडर्डमध्ये खालचं आस्की तसंच ठेवून भारतीय लिप्यांना वरच्या १२८ जागांत बसवलं.)

सोय चांगली होती, पण कंपायलर हे बदल अगदी सुरुवातीलाच करतो, म्हणजे कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्येसुद्धा. समजा तुम्ही वैतागून लिहिलंत:

// हे चालतंय तरी कसं??/

??/ म्हणजे \, आणि ओळीच्या शेवटी \ आला की पुढची ओळ याच ओळीला जोडली जाते. झालं! पुढची ओळ कॉमेंटमध्ये गडप. स्ट्रिंगमध्ये "काय??!" लिहिलं तर "काय|" छापलं जाणार. जीसीसीने तर आपल्या नेहमीच्या मोडमध्ये ट्रायग्राफ बंदच ठेवले होते, स्टँडर्ड काटेकोर पाळायला सांगितलं तरच ते चालू व्हायचे.

मग काढायला विरोध कुणाचा? आयबीएमचा. त्यांच्या मेनफ्रेमवर आस्की नाही, एबसिडिक चालतं, आणि त्यात कोडपेज बदललं की कंसांच्या जागा बदलतात. तिथे ट्रायग्राफ खरोखर कामाचे. हा कोड बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या कुलुपात असतो, इंटरनेटवर शोधून सापडत नाही. म्हणून "कोणी वापरत नाही" म्हणताना जरा जपून. बऱ्याचदा त्याचा अर्थ "मला कोणी दिसलं नाही" एवढाच असतो.

तरीही सी++१७ मध्ये ट्रायग्राफ गेले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ मधूनही. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि आयबीएमने विरोध नोंदवला हेही योग्यच वाटतं. कारण काढताना वाट ठेवली गेली. फाइलमधली चिन्हं कशी वाचायची हे कंपायलरवर सोपवलेलं आहे, त्यामुळे ज्याला हवं तो आपल्या कंपायलरमध्ये ट्रायग्राफ चालू ठेवू शकतो. शिवाय [ साठी <: असे डायग्राफ आहेतच, आणि ते स्ट्रिंगला हात लावत नाहीत. थोडक्यात, ज्याची छत्री त्याने आपल्या खोलीत खिळा ठोकावा.

उलट उदाहरण पायथॉनचं. स्ट्रिंगच्या आधी लिहायचं 'यू' हे अक्षर पायथॉन ३.० ने २००८ मध्ये काढलं, कारण आता सगळ्याच स्ट्रिंग युनिकोड झाल्या होत्या. पण एकच कोड पायथॉन २ आणि ३ दोन्हीवर चालवणाऱ्यांची उगाच पंचाईत झाली. शेवटी २०१२ मध्ये ३.३ मध्ये तो 'यू' परत आणावा लागला. ते घंगाळ होतं, खिळा समजून फेकलं!

तेव्हा "किती जण वापरतात?" हा प्रश्न नंतर. न वापरणाऱ्याला त्याचा त्रास आहे का? आणि वापरणाऱ्याला दुसरी वाट आहे का? या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल काढा. नाहीतर असू द्या माळ्यावर.