कुरण राखा, पाहुणा गावात झोपवा

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात रैथल नावाचे गाव आहे. गावातून निघावे, बांज-बुरांसच्या जंगलातून सात-आठ किलोमीटर चढावे, की झाडी संपते आणि दहा हजार फुटांवर नुसते गवत लागते. हे दयारा बुग्याल. बुग्याल म्हणजे उंच डोंगरावरचे कुरण. चढ बेताचा आहे. पहाटे निघालेला गडी दिवेलागणीला परत येतो. आपल्याकडची पोरेही हौसेने तिकडे जातात.

पाहुण्याला ती सहल वाटते, पण रैथलकरांचे ते गायरान आहे. उन्हाळ्यात गुरे वर न्यायची, छानीत म्हणजे गोठा-झोपडीत राहायचे आणि ऑगस्टच्या मध्याला उतरताना ताक-लोण्याचा सण करायचा. दुधदुभत्याबद्दल देवाचे आभार. एकमेकांच्या अंगावर ताक उडवायचे, तोंडाला लोणी फासायचे.

आता खरी गोम ऐका. तिथे कित्येक महिने बर्फ असते, गवताला वाढायला मोजकेच दिवस मिळतात. तंबूभोवती चर खणले, एकाच जागी खेचरे बांधली, की मुळे तुटतात. पुढच्या पावसात तिथेच ओघळ पडते. बांध फुटलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवरचा रात्रीचा मुक्काम बंद केला, पर्यटकांची संख्या २०० वर बांधली. धंदेवाईक चराईला मनाई झाली, स्थानिक मेंढपाळांना मुभा राहिली. दयाराच्या ओघळी वनखात्याला काथ्या आणि चीडचा पाला वापरून बुजवाव्या लागल्या.

मुक्काम बंद म्हणजे काहींची रोजी बुडाली, हे नाकारून चालणार नाही. तरी आमचे मत असे, की डोंगर दिवसा चढावा आणि रात्र गावात काढावी. पाहुणा वर तंबूत झोपला तर पैसा तंबूवाल्याचा. गावात झोपला तर भाकरीचा, अंथरुणाचा, वाटाड्याचा पैसा घराघरांत जातो. शिवाय कुरण शाबूत राहते.

आपल्या कासला भोवतालच्या गावांच्या वनसमित्या प्रवेशशुल्क घेतात. ज्या गावावरून गडाची, डोंगराची वाट जाते, तिथल्या सरपंच-ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. वाट कोणती, मुक्काम कुठे, कचरा कोण उतरवणार, एवढे तरी ठरवा. माती वाहून गेल्यावर केलेला ठराव काय कामाचा?