बांधापलीकडची हाक



मृग तोंडावर आला आहे. या दिवसांत मी दरवर्षी बीजप्रक्रियेवर लिहितो. आज बियाण्याचीच गोष्ट सांगणार आहे, पण जरा वेगळी.

नोकरीची पहिली वर्षे होती. एका गावी चावडीपुढे मी ज्वारीच्या बियाण्याला औषध कसे चोळावे ते दाखवीत होतो. कोपऱ्यात एक कोरडवाहू शेतकरी मान खाली घालून बसला होता. मी जरा तोऱ्यातच विचारले, "काय मामा, बियाणे काढून ठेवले की नाही?" तो बोलला नाही. सभा उठल्यावर त्याची म्हातारी आई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सायेब, बियाची जवारी आम्ही चैतातच दळून खाल्ली."

मी बी. एस्सी. झालेला माणूस. ज्याच्या कणगीत दाणा नाही, त्याला औषध चोळायला शिकवत होतो! दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची सभा होती, म्हणून निघून गेलो. मामांनी खायला आणि पेरायला दिढीने धान्य आणले. एक पोते घेतले की सुगीला दीड पोते परत. एका एकराला ज्वारीचे बियाणे लागते अवघे चार किलो. तेवढे माझ्या घरातून सहज निघाले असते. ते मी दिले नाही, हे आजही सलते.

गाडगेबाबांचे चरित्र मी शाळेत वाचले होते. त्यानंतर ते पुन्हा वाचले. बाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. वडील दारूपायी गेले, म्हणून डेबूजी मामांच्या घरी दापुऱ्याला वाढला. गुरे राखली, नांगर धरला. तो पक्का शेतकरी होता. मामांची जमीन सावकाराच्या कर्जात गेली आणि मामांनी हाय खाल्ली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. १९०५ साली त्याने घर सोडले. हातात खराटा आणि एक फुटके गाडगे. ज्या गावी जायचे ते गाव आधी झाडायचे, काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही, आणि रात्री कीर्तनात सांगायचे की देव भुकेल्या माणसात आहे, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. रिणमोचनला पूर्णेकाठी घाट झाला, आंधळ्या-पांगळ्यांना जेवण मिळू लागले. स्वतःसाठी बाबांनी काही ठेवले नाही. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले.

तुम्ही म्हणाल, साहेब, आम्ही का घरदार सोडावे? मुळीच नाही. बाबांनी घर सोडले, कारण त्यांना साऱ्या मुलखाची हाक ऐकू आली. आपल्याला बांधापलीकडची ऐकू आली तरी पुष्कळ झाले. आता वारीचे दिवस येतील. टाळ वाजवावा, पंढरीला जावे. पण शेजारची चूल किती दिवस पेटली नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याची वारी अर्धीच राहिली, असे मला वाटते.

करायचे काय? सुगीला खळ्यावरच प्रत्येक घराने पायलीभर धान्य बाजूला काढावे. चार-पाच घरांनी मिळून ते एका कणगीत साठवावे. अडलेल्याने न्यावे आणि पिकले की तेवढेच परत आणावे, दिढी-सवाई नाही. त्यात बियाण्याचे धान्य वेगळे ठेवा. ते सुधारित वाणाचे असावे. संकरित ज्वारीचे घरचे दाणे पेरणीला देऊ नका. देण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि चार-पाच दिवसांनी मोजा. पंच्याहत्तरच्या वर उगवले तरच ते बियाणे. गरिबाला किडके देणे हे दान नव्हे, एका हंगामाचा घात आहे. आणखी एक जपा: औषध लावलेले बियाणे कणगीत ठेवू नका. भुकेचे घर ते दळून खाईल आणि जिवावर बेतेल. औषध पेरणीच्या वेळीच चोळावे.

ज्याच्याकडे धान्य नाही त्याच्याकडे बैल असतील, हात असतील. पूर्वी गावोगाव इर्जिक होत असे. एखाद्याचे शेत मागे पडले की दहा औतांनी एका दिवसात उरकायचे. ती पद्धत पुन्हा धरायला काय हरकत आहे?

आणि एक सांगतो. द्यायचे ते चावडीवर देऊ नका. दिवेलागणीला मागच्या दाराने घरातल्या बाईला पाठवा. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. माझ्या त्या सभेत मामांची मान खाली गेली होती. ती माझ्यामुळे.

यंदा पेरणीआधी एकदा शेजारी विचारून या, "बियाणे आहे ना?" पण माझ्यासारखे तोऱ्यात विचारू नका.