चांगल्या घरची

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अकरावीत होतो. आमच्या वडगाव निंबाळकरच्या शिवारात, कालव्याच्या कडेला, कुठल्याशा चित्रपटाचे चित्रीकरण आले होते. दोन दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. उसाला पाणी द्यायचे सोडून माणसे बांधावर उभी होती. आम्ही मुले तर सकाळपासून तिथेच. मोठा कॅमेरा, जनरेटरची गाडी, छत्रीखाली बसलेले दिग्दर्शक, सगळे आम्ही डोळे भरून पाहिले. नायिका काही आली नव्हती. ती येणार नव्हतीच, असे मागाहून कळले. जत्रेच्या प्रसंगात गर्दी करण्यासाठी दहा-पंधरा मुली तेवढ्या एका टेम्पोतून आणल्या होत्या.

दुपारी मी जेवायला घरी आलो, तर त्यांतली एक मुलगी आमच्या पडवीत उभी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तोंडाला रंग, अंगावर भाड्याची नऊवारी. तिने आईला हळूच विचारले, "काकू, बाथरूम आहे का?" आईने परसदार दाखवले. परत आल्यावर ती दोन तांबे पाणी प्यायली, घटाघटा. मग म्हणाली, "थोडा वेळ बसू का इथं?" आईने चहा टाकला. आजीने विचारले, "पोरी, घरचं कुणी न्हाई व्हय गं संगं?" ती नुसतीच हसली.

इतक्यात बाहेर मोटारसायकल थांबली. प्रॉडक्शनचा माणूस होता. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांवर काळा चष्मा. "काय हिरो, आमची एक मुलगी इकडं आली का रे?" सिनेमातला माणूस मला हिरो म्हणाला! मी उत्साहाने सांगितले, "आहे ना, आमच्या घरातच आहे." आणि आत जाऊन तिला म्हणालो, "तुम्हाला बोलवतायत." तिने माझ्याकडे पाहिले. चहा तसाच ठेवून ती उठली. मोटारसायकलवर बसताना तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, एवढे मला स्वच्छ आठवते.

त्या माणसाच्या मनात काय होते, पुढे काही घडले की नाही, हे मला माहीत नाही. कदाचित काहीच घडले नसेल. पण ती लपायला आली होती आणि तिचा पत्ता मी दिला, हे मला कळायला तीन वर्षे लागली. ती गेल्यावर आजी जे म्हणाली ते मात्र तेव्हाच ऐकले होते आणि मला ते पटलेही होते. "चांगल्या घरची असती तर आली असती व्हय असल्या कामाला?"

मित्रहो, 'चांगल्या घरची' या दोन शब्दांविषयी मला या लेखात बोलायचे आहे.

आपला चित्रपट जन्मला तोच या शब्दांच्या सावलीत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. चांगल्या घरची तर नाहीच, पण ज्यांना समाज चांगल्या घरची म्हणत नव्हता त्या बायकांनीही नकार दिला. अखेर साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या तेव्हा कुठे पडद्यावर बाई आली. हा इतिहास आपण गमतीने सांगतो. पण यातली गोम अशी, की ज्या कामाला जाणारी बाई चांगली नसतेच असे आधी ठरवून टाकले, त्या कामावर तिच्याशी कोणी कसेही वागले तरी तक्रार करायला जागाच उरत नाही. 'माहीत असूनच आली होती ना?' हा प्रश्न तयारच असतो.

हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. शब्दांकन अरुण साधू यांचे. आमच्या सरांनी सांगितले म्हणून मी ते वाचायला घेतले आणि दोन रात्रींत संपवले. (परत करायला उशीर झाला, त्याचा दंडही भरला.) हंसाबाईंचे खरे नाव रतन साळगावकर. 'विजयाची लग्ने' हा त्यांचा पहिला चित्रपट १९३६ सालचा. तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. सिनेमात जायचे तर घराण्याचे नाव खराब होऊ नये, म्हणून साळगावकर हे आडनाव वगळले गेले आणि त्या वाडकर झाल्या. आता पाहा, नाव चालत नव्हते, पण पैसा चालत होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या मिळकतीवर घर चालायचे आणि त्या घराची अब्रू मात्र तिच्यापासून जपायची! लग्नानंतर आपण काम सोडावे, संसार करावा असे त्यांना फार वाटे. पण त्यांनी काम सोडले तर खाणार काय, हा प्रश्न इतरांना होता. त्या पुस्तकात वाईट वागणारी माणसे आहेतच. मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटली ती आजूबाजूच्या शांत माणसांची. सगळे पाहणारी, त्यातच जेवणारी, काही न बोलणारी. त्यांतल्या कोणालाही आपण काही गैर करतो आहोत असे वाटत नव्हते.

पुस्तकाचे नाव ज्या चित्रपटावरून आले तो अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ सालचा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. आमच्याकडची जुनी माणसे अजून सांगतात, की एसटीने पुण्याला जाऊन पाहून आलो. बाईवर झालेल्या अत्याचाराची कथा फडावर उभी राहून सांगितली जाते आणि पाटलाचे पाप चव्हाट्यावर येते, याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. अडीच वर्षे वाजवल्या. पण त्यात काम करणाऱ्या बाईने दहा-अकरा वर्षांनी स्वतःची कथा सांगितली तेव्हा तिच्याविषयी काय बोलले गेले असेल, याचा अंदाज आमच्या पारावर दहा मिनिटे बसले तरी येतो. १९७७ साली श्याम बेनेगलांनी याच आत्मकथनावरून 'भूमिका' काढला. त्यात स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई त्याआधीच, १९७१ मध्ये गेल्या होत्या.

शांता आपटे यांचे उदाहरण याहून वेगळे. 'कुंकू'मधली (१९३७) म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा म्हणून नाकारणारी नीरा आपल्याला पाठ आहे. पण याच शांताबाई १९३९ साली करार आणि पगाराच्या वादावरून पुण्याला प्रभात कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' असे पुस्तक लिहिले. सिनेमातले काम म्हणजे मजुरी आहे, त्यात भांडवलवाला कोण, राबणारा कोण, हे एका नटीने १९४० साली मराठीत लिहून ठेवले! त्या नावातले प्रश्नचिन्ह मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या समाजाने त्या प्रश्नाचे एकच उत्तर दिले, 'नको जाऊस.' आईने दिले, मास्तरांनी दिले, गावाने दिले. तिथल्या माणसांना 'नीट वागा' असे मात्र कोणी सांगितले नाही.

आता दूरची, पण ताजी गोष्ट. केरळात फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीला कोचीजवळ धावत्या गाडीत डांबून तिच्यावर अत्याचार झाला. तिथल्या चित्रपटातल्या स्त्रिया एकत्र आल्या, सरकारकडे गेल्या आणि न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली गेली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. सरकारने तो ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग वगळून, बाहेर आणला. साडेचार वर्षे तो कपाटात होता. त्यात 'अॅडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रोमाइज' हे दोन शब्द आहेत, जे नव्या मुलीच्या कानावर पहिल्याच दिवशी पडतात. हे वृत्तपत्रांनी ठळक छापले. पण माझे लक्ष एका साध्या ओळीवर खिळले. चित्रीकरणाच्या जागी शौचालय नसते, कपडे बदलायला आडोसा नसतो, म्हणून बायका तासन्तास पाणी पीत नाहीत.

मला आमच्या पडवीतले ते दोन तांबे आठवले.

कोणी म्हणेल, शौचालयाचा आणि विनयभंगाचा संबंध काय? संबंध असा आहे, की ज्या बाईसाठी साधा आडोसा उभारावा असे कोणाला वाटत नाही, तिची तक्रार ऐकावी असे तरी कोणाला कशाला वाटेल? आपल्या मुंबईतले पाहा. २००८ साली तनुश्री दत्ता यांनी एका चित्रपटाच्या सेटवरील प्रकाराबद्दल कलाकारांच्या संघटनेकडे दाद मागितली. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्या पुन्हा बोलल्या तेव्हा त्याच संघटनेने जाहीरपणे मान्य केले, की लैंगिक छळाचा मुख्य मुद्दा त्या वेळी विचारातच घेतला गेला नव्हता. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनी तो नाकारला आणि २०१९ मध्ये पोलिसांनी पुरावा नाही असा अहवाल न्यायालयाला दिला. खरेखोटे ठरवणारा मी कोण? पण तक्रारीचा मुख्य मुद्दा बाजूला ठेवून निकाल लावणारी ती बैठक माझ्या डोळ्यांसमोर येते. आमच्या भावकीच्या बैठकी मी पाहिल्या आहेत. चहा येतो, 'मिटवून टाका' म्हणतात आणि उठतात.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हार्वे वाइन्स्टीनची प्रकरणे बाहेर आली, तेव्हाही हेच दिसले. एकटा माणूस वर्षानुवर्षे असे करू शकत नाही. हॉटेलातल्या बैठका ठरवणारे, मुलीला त्या दारापर्यंत नेऊन सोडणारे, नंतर वकिलाची कागदपत्रे पुढे करणारे, असे पुष्कळ लोक लागतात. बहुतेक जण पगारी, सभ्य. 'आहे ना, आमच्या घरातच आहे' असे सांगणारे.

माझ्या एका वर्गमित्राला हे सगळे पटत नाही. तो म्हणतो, "कायदा आहे ना आता?" आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये तो झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे तक्रार समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. कामानिमित्त बाई जिथे जाईल ती जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा कायद्याने कामाचे ठिकाण ठरते. म्हणजे त्या दिवशी आमचे उसाचे शेत कामाचे ठिकाण होते आणि तो टेम्पोदेखील. पण टेम्पोतल्या मुलीला हे सांगणार कोण? एका दिवसाच्या रोजावर आलेली ती. उद्या बोलावणे येणे न येणे त्या काळ्या चष्म्यावर अवलंबून.

या दिवाळीत मी आजीला ती मुलगी आठवते का विचारले. म्हणाली, "आठवतीया की. च्या न पिता गेली." मी म्हणालो, "तू तिला चांगल्या घरची नाही म्हणालीस." आजी वाती वळत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्या नुसतं म्हनलं. भायेर कोन काढली तिला?"

यंदा आपल्या महाविद्यालयातली एक मुलगी मालिकेत निवडली गेली. स्नेहसंमेलनात तिचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. संध्याकाळच्या बारामती–नीरा एसटीत मागच्या बाकावर जे बोलणे चालले होते ते मी ऐकले. बोलणारे परके नव्हते, आपणच होतो. मी या वेळी एवढेच म्हणालो, की ती माझ्या ओळखीची आहे, गप्प बसा. ती माझ्या ओळखीची नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात मी विचारले, आपल्या महाविद्यालयाच्या तक्रार समितीवर कोण आहे? २०१५ च्या नियमांप्रमाणे तिच्यावर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. कोणालाच सांगता येईना. मलाही येत नव्हते. नावे ग्रंथालयाच्या जिन्याजवळच्या फलकावर लावलेली आहेत. तीन वर्षे मी त्या जिन्याने चढतो उतरतो आहे.