ऐंशीनंतरचा खर्च दोघांनाही सारखाच

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या घरात आहे. लसीकरण, क्षयावरची औषधे, सुखरूप होऊ लागलेली बाळंतपणे आणि रेशनवर मिळू लागलेले धान्य यांची ही पुण्याई. साठी गाठलेला माणूस आता सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो. बाई त्याहून थोडी जास्त. मात्र ही वाढीव वर्षे कशावर काढायची, या प्रश्नाला सरकारने माणूस पाहून दोन निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याने ऐंशी गाठली की त्याच्या मूळ निवृत्तिवेतनात २० टक्क्यांची भर पडते. पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० टक्के, आणि शंभरीला ते दुप्पट होते. महागाईनुसार होणारी वाढ वेगळी. हे योग्यच आहे. वय वाढते तशी औषधे वाढतात, हाताशी माणूस लागतो, हे सरकारने त्यातून मान्य केले आहे.

मग जन्मभर शेतमजुरी करून ऐंशीला पोचलेल्या विधवेचे काय? इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरिबासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. २००७ साली योजनेला हे नाव मिळाले, तेव्हाही तो २०० च होता. ऐंशीनंतर ५०० रुपये. तेही २०११ पासून तेवढेच. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेमुळे २०२३ पासून हातात दीड हजार पडतात, हा मोठाच आधार. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, ही अट वर्षानुवर्षे कायम राहिली. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांत अख्खे घर! मुलाला नियमित रोजंदारी मिळाली, तरी आईचा अर्ज बाद.

‘मुले आहेत की सांभाळायला’ हे उत्तर आता पुरत नाही. आई पंच्याऐंशीची असते तेव्हा मुलगा-सून साठीला टेकलेले असतात. सासूची उठबस करणाऱ्या सुनेचेच गुडघे दुखत असतात. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून चरितार्थ मागण्याचा हक्क दिला आहे, पण पोटच्या पोराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या आया किती? शिवाय लांबलेले आयुष्य जास्त करून बायकांच्या वाट्याला येते, आणि सातबारा, घर, भविष्य निर्वाह निधी बहुधा पुरुषांच्या नावावर असतो. ज्यांना सर्वाधिक वर्षे काढायची, त्यांच्याच गाठीला काही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. केंद्राने आपला वाटा भरीव वाढवून तो महागाईशी जोडावा. वयाच्या टप्प्यांनुसार कर्मचाऱ्याला मिळणारी भर मजुरालाही मिळावी. पात्रता ठरवताना मुलांची कमाई न पाहता त्या म्हाताऱ्या माणसाची स्वतःची मिळकत पाहावी. माणसांचे आयुष्य वाढवण्याचा खर्च साऱ्या देशाने उचलला. त्या आयुष्यात दोन वेळचे जेवण आणि रक्तदाबाची गोळी कुणापुढे हात न पसरता मिळावी, ही जबाबदारीही देशाचीच आहे, आणि ती अर्थसंकल्पातल्या आकड्यांत दिसली पाहिजे.