सदतिसावा फोटो

डिजिटलवाल्या मित्रांना एक प्रश्न कधी पडतच नाही : रोल संपला तर? आम्हा रेंजफाइंडरवेड्यांचा मात्र सगळा जीव तिथेच अडकलेला. छत्तीस फोटो झाले की कॅमेरा गप्प! आणि बॉस, हवा असलेला फोटो नेमका सदतिसावा असतो.

त्यात लायकाची तऱ्हाच न्यारी. इतर कॅमेऱ्यांची पाठ उघडते, याचा तळ निघतो. १९५४ च्या एम ३ मध्ये आतली रीळ बाहेर काढून तिच्यात फिल्मची जीभ अडकवावी लागायची. १९६७ च्या एम ४ मध्ये रीळ गेली आणि तीन पाकळ्यांचं फूल आलं. जीभ पाकळ्यांत सारली की काम झालं. रिवाइंडसाठी तिरकी दांडीही आली. कॅननच्या क्यूएल १७ ची तर ऐटच वेगळी. क्यूएल म्हणजे क्विक लोडिंग. जीभ खुणेपर्यंत ओढा, पाठ लावा, संपलं!

पण खरं सांगू? वेग यंत्रात नसतो, तयारीत असतो. माझा फंडा साधा आहे. नवा रोल डबीतून आधीच काढून उजव्या खिशात, वापरलेला डाव्या. वापरलेल्याची जीभ पूर्ण आत ओढलेली, म्हणजे घोळ नाही. उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत रोल बदलायचा. लायकाची तळपट्टी सरळ दातात धरायची. लोक हसतील, हसू देत, दोन्ही हात तर मोकळे राहतात! मग रिवाइंडचं बटण बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढायची आणि फिल्म पुढे सरकवताना ते बटण उलटं फिरतंय का ते बघायचं. फिरत नसेल तर फिल्म पकडलीच गेलेली नाही. कितीही घाई असो, हे बघणं टाळायचं नाही.

न्यूयॉर्कचा गॅरी विनोग्रँड चालता चालता रोल बदलायचा. बदलताना फोटो हुकतात, याचं वाईट नाही वाटत? असं विचारल्यावर तो म्हणाला होता, मी रोल भरत असताना फोटो नसतातच. वा! १९८४ मध्ये तो गेला, तेव्हा मागे अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले होते. त्याला हे तत्त्वज्ञान परवडत होतं. रस्ता रोज असतो, राव.

आपल्याकडे लग्न असतं. मंगलाष्टकं शेवटाला आलीत, भटजींचा आवाज चढलाय, हातात अक्षता आणि काउंटर तेहतीसवर. अशा वेळी काय कराल? रोलच्या आजच्या भावात तीन फोटो सोडायचे म्हणजे मध्यमवर्गीय मराठी जिवाला घोर. तरी सोडा. तेहतीसवरच रोल बदला. तीन फोटोंचे पैसे पुन्हा मिळवता येतात. अंतरपाट मात्र एकदाच बाजूला होतो.