नऊ दिवस, एक गोळी



“बौद्ध माणसानं मटण खावं का?” हा प्रश्न आपल्या घरांत अधूनमधून निघतोच. शिबिरातून आलेला मुलगा रविवारचे ताट बाजूला सारतो. आजी म्हणते, “अरे, सुक्या बोंबलावर तुझ्या बापाला वाढवलं, तेव्हा कुठं होतं तुझं शील?” सून दोघांच्या मध्ये गप्प बसते. मुलाचे खरे की आजीचे खरे, हे ठरत नाही आणि सगळ्यांचे जेवण मात्र कडू होते.

आज या प्रश्नाकडे जरा लांबून पाहू. परक्या मुलखातल्या माणसाचा न्याय करताना आपले डोके शांत असते. तोच न्याय मग घरी आणता येतो. म्हणून आजचा आपला पाहुणा आहे अमेरिकेतला हरणांची शिकार करणारा एक कामगार.

अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. दुधाचा धंदा, कागदाच्या गिरण्या, ओतकामाचे कारखाने आणि कडाक्याची थंडी. तिथे दरवर्षी नोव्हेंबरात बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा मोसम असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी मोसम उघडतो आणि सणानंतरच्या रविवारी संपतो. साठ लाखांच्या आत वस्ती असलेल्या या राज्यात पाच लाखांहून अधिक लोक परवाना काढतात. त्यांत डॉक्टर-वकील असतात, तसे पाळीवर जाणारे कामगार आणि ट्रक चालवणारेही असतात. या लोकांचे पूर्वज जर्मनी, नॉर्वे, पोलंड अशा देशांतून पोटासाठी आले. युरोपात शिकारीचे रान बहुतेक राजाचे नाहीतर जमीनदाराचे असे. गरिबाने तिथे जनावर मारले तर त्याला शिक्षा होई. नव्या देशात गरिबालाही हरीण मारता आले, म्हणून तिथे या मोसमाचे इतके अप्रूप.

तिथल्या कागदगिरणीतला एक कामगार डोळ्यांसमोर आणा. त्याचे नाव-गाव काही नाही. हजारोंचा मोसम जसा जातो, तसाच त्याचाही जातो.

पहिला दिवस शनिवार. पहाटे अंधारातच तो झाडावरच्या मचाणावर चढून बसतो. अंगात भडक नारिंगी जाकीट, कारण दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजून आपल्याला गोळी घालू नये. असा रंग घालण्याची तिथे कायद्याने सक्ती आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते. उजाडताच दूरवर बंदुकांचे आवाज सुरू होतात. साऱ्या मोसमात जेवढी हरणे पडतात, त्यांतली जवळजवळ निम्मी पहिल्या दोन दिवसांतच पडतात. याच्यासमोर मात्र दिवसभरात एक खार येते आणि जाते.

दुसऱ्या दिवशी एक हरणी येते, मागे दोन पाडसे. अंतर अवघे तीस पावलांचे. याचा परवाना शिंगवाल्या नराचा आहे. मादीसाठी वेगळी परवानगी लागते आणि ती जिल्ह्याजिल्ह्याने मोजून दिलेली असते. तो श्वास रोखून बघत राहतो. हरणी पाडसांना घेऊन निघून जाते.

तिसऱ्या दिवशी त्याची रजा आहे, पण धुके इतके की पलीकडचे झाड दिसत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर जावेच लागते. दुपारी तीनला पाळी सुटते आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हाती उरतो जेमतेम तास. बंदुकांच्या आवाजाने हरणेही आता शहाणी झालेली. दिवसा ती दलदलीच्या झाडीत दडून बसतात आणि रात्री चरायला निघतात. सहावा दिवस सणाचा. सकाळी दोन तास बसून तो रिकाम्या हाताने घरी येतो. नातेवाईक विचारतात, “काय, या वर्षी फ्रीज रिकामाच का?” तो हसतो.

सातव्या दिवशी नर दिसतो. चांगली शिंगे, भरलेले अंग. पण तो दाट झुडपांच्या मागे आहे आणि अंतरही फार आहे. गोळी लागेल, पण नेमकी कुठे लागेल याचा भरवसा नाही. पोटाला लागली तर जनावर तासन्‌तास तडफडत पळेल आणि सापडणारही नाही. तो उचललेली बंदूक खाली ठेवतो. आठव्या दिवशी फक्त वारा आणि बोचरी थंडी.

नववा दिवस शेवटचा. सांजवेळी, उजेड संपायला थोडाच वेळ उरला असताना, साठ पावलांवर एक नर आडवा उभा राहतो. मध्ये झुडूप नाही, मागे घर नाही, रस्ता नाही. एक गोळी सुटते. हरीण थोडे धावते आणि दिसेनासे होते. हा लगेच मागे धावत नाही. अर्धा तास बसून राहतो, कारण जखमी जनावराच्या मागे लागले तर ते आणखी लांब पळते आणि त्याचे हाल वाढतात. मग बॅटरीच्या उजेडात रक्ताच्या थेंबांचा माग काढत तो मेलेल्या हरणापाशी पोचतो.

त्यानंतरचे काम मोठे आहे. आतडी काढायची, दोर बांधून धूड रस्त्यापर्यंत ओढत न्यायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी नोंद करायची. हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली प्रथम सापडला. म्हणून हा मांस तपासायला नमुना देतो. रोग निघाला तर ते मांस खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तपासणीत ठीक निघाले की वीस-तीस किलो मांस पुडक्यांत बांधून थंडीभर पुरवायचे. यातला एक तुकडाही विकता येत नाही. रानातल्या हरणाचे मांस विकणे तिथे गुन्हा आहे. खावे, नाहीतर द्यावे. गरिबांना अन्न वाटणाऱ्या केंद्रांसाठी पुष्कळ शिकारी हरीण देतात.

आता न्याय करू.

पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहायला सांगते. या माणसाने एक जीव घेतला. गोड शब्दांनी ते झाकता येणार नाही. हरणाला जगायचे होते आणि ते आता जिवंत नाही. मग हा माणूस क्रूर ठरतो का?

इथे बाबासाहेबांनी हाती दिलेली मोजपट्टी उपयोगी पडते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा, असा भेद ते करतात. तथागतांनी अहिंसा हा आंधळा नियम केला नाही, जगण्याचे तत्त्व म्हणून ती सांगितली, असे त्यांचे विवेचन आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसावर विचार करण्याची जबाबदारी टाकते. प्रत्येक वेळी थांबून स्वतःला विचारायचे, ही गरज आहे की नुसती इच्छा?

ही पट्टी त्या कामगाराला लावू. गरजेच्या बाजूने थोडे बोलता येते. तिथले लांडगे माणसाने मारून टाकले, १९६० च्या सुमारास ते विस्कॉन्सिनमधून संपलेच होते. पुढे शेजारच्या राज्यातून काही परत आले. खाणारे जनावर कमी झाले की हरणे वाढतात, कोवळी रोपटी आणि पिके फस्त करतात, रस्त्यावर मोटारींखाली येतात आणि कडक हिवाळ्यात उपाशी मरतात. याच राज्यातल्या विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड तरुणपणी वनखात्यात असताना लांडगे मारत. लांडगा संपला की हरणांनी डोंगर ओरबाडला जातो, हे त्यांना पुढे उमगले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाले.

पण पगारदार माणसाला तिथे दुकानात मांस मिळते, हेही खरे. त्याला शिकारीत आनंद वाटतो, हेही खरे. म्हणजे त्याच्यात गरजही आहे आणि इच्छाही आहे. मात्र नुसती इच्छाच मालक असती, तर दुसऱ्याच दिवशी हरणी पडली असती आणि सातव्या दिवशी तो नर पोटात गोळी घेऊन दलदलीत मेला असता. तो रिकाम्या हाताने परतला, त्या आठ दिवसांत त्याच्या इच्छेला लगाम होता. काही लगाम कायद्याचा, काही त्याच्या स्वतःच्या मनाचा. त्याला निर्दोष म्हणता येणार नाही, पण क्रूरही म्हणता येणार नाही.

याच्या शेजारी आपल्या देशातली शिकार ठेवून पाहा. राजेरजवाडे आणि गोरे साहेब हाकारे घालून जनावरे पुढ्यात आणवत, एका दिवसात ढिगाने मारत आणि मुंडकी दिवाणखान्यात टांगत. पोटाची गरज तिथे कसली? ती निव्वळ इच्छा होती आणि तिला मर्दुमकी म्हणत. त्याच काळात फास लावून एखादे हरीण धरणाऱ्या फासेपारध्याला १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पद्धतीने जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसांचा संशय अजून पुरता गेलेला नाही. आज आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. आपली राने उरलीत किती? पण पारध्याच्या पोराकडे बोट दाखवताना इच्छेने मारणारे कोण होते, हे विसरू नये.

राजाचीही इच्छा आवरता येते, हे सम्राट अशोकाने दाखवले. आपल्या पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही; आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. पाहा, सम्राटसुद्धा पायरी-पायरीने उतरला. आठव्या शिलालेखात तो म्हणतो, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात; राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर मी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्याला सापडला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे. मुलांना राणीची बाग दाखवतो, तसा एकदा हा दगडही दाखवावा.

आता त्या कडू झालेल्या जेवणाकडे वळू.

मुलाने मांस सोडले असेल तर चांगलेच आहे. करुणेने सोडले असेल तर फारच चांगले. पण आपल्या ताटामुळे आपण आजीपेक्षा वरचे झालो, असे त्याला वाटू लागले तर धम्म निसटला आणि मागच्या दाराने सोवळे आत आले. ताटातल्या अन्नावरून माणसाची पायरी ठरवण्याचे दुःख आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. तो स्वाभिमान कोणाला हीन लेखण्यासाठी वापरायचा नाही. भिक्खूंनाही सरसकट मांसबंदी नव्हती. आपल्यासाठी मारताना पाहिले, तसे ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते घेऊ नये, असा दंडक होता.

आजीनेही एक गोष्ट ऐकावी. गरिबीत बोंबलावर पोरे वाढवली, ती गरज होती. त्यात लाज कसली? पण जत्रेत नवसाचा बकरा कापतात, ती कोणाची गरज? ज्या देवांना आपण १९५६ साली नागपूरला सोडले, त्यांच्या नावाने आजही कुठे कुठे कोंबडे कापले जाते. लग्नाच्या हळदीला कर्ज काढून बकरे पडतात, सोबत दारू वाहते आणि अर्धे अन्न सकाळी उकिरड्यावर जाते. पोटाला लागते म्हणून कोणी हे करत नाही. भावकीत नाव व्हावे ही इच्छा असते, आणि त्या इच्छेपायी जीवही जातो आणि घरही बुडते.

कोंबडीच्या दुकानात आपले काम दोन मिनिटांत होते. पैसे दिले, पिशवी घेतली. त्या कामगाराला आठ दिवस थंडीत बसून जो प्रश्न सोसावा लागला, तो आपल्याला दोन मिनिटांत कोणी विचारत नाही. म्हणून आपणच विचारायचा. आज घरात हे लागते का? किती लागते? सारे खाल्ले जाईल का? शेजारच्या उपाशी पोराला त्यातले देता येईल का? एवढे प्रश्न विचारणाऱ्या घरात कोणी मांस खावो, कोणी न खावो, पहिल्या शिलाची आठवण जागी राहील.

या रविवारी जेवणापूर्वी त्या ग्रंथातले अहिंसेचे प्रकरण घरात मोठ्याने वाचा. मुलाने वाचावे, आजीने ऐकावे. मग आजीने बोलावे आणि मुलाने ऐकावे. ताटे दोन प्रकारची वाढली तरी पंगत एकच राहू द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.